संदर्भ किती, आणि कशासाठी?

औषधशास्त्रातल्या संशोधकाचं काम किती मोठं, असं विचारलं की हल्ली तीन आकडे पुढे येतात: शोधनिबंध किती, त्यांना संदर्भ किती मिळाले आणि एच-इंडेक्स किती. नेमणूक, बढती, संशोधनाचा निधी, सगळ्यांत या आकड्यांचं वजन पडतं. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा उल्लेख केला की तुमच्या खात्यात एक संदर्भ जमा होतो. तो उल्लेख कौतुकाचा, सवयीचा की खोडून काढण्यासाठी केलेला, हे मोजणाऱ्या यंत्रणेला कळत नाही.

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याइतके निबंध तुमच्याकडे आहेत आणि त्या प्रत्येकाला किमान तितकेच संदर्भ मिळाले आहेत, तो आकडा म्हणजे तुमचा एच-इंडेक्स. समजा, एका संशोधिकेच्या पाच निबंधांना ४०, १२, ६, ३ आणि १ असे संदर्भ मिळाले आहेत. किमान तीन संदर्भ मिळालेले तीन निबंध तिच्याकडे आहेत, पण किमान चार संदर्भ मिळालेले चार निबंध नाहीत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ३. पहिल्या निबंधाचे संदर्भ ४० वरून ४०,००० वर गेले तरी तो ३ च राहतो. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या संदर्भ मोजणाऱ्या सेवांवर एकाच व्यक्तीचा आकडा वेगळा दिसतो, कारण दोन्हीकडे मोजणीत धरलेलं साहित्य वेगळं असतं.

आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध एका औषधशास्त्रज्ञाच्याच नावावर आहे. ऑलिव्हर लाउरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नमुन्यात प्रथिन किती आहे हे रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. तिला ३ लाखांहून अधिक संदर्भ मिळाले आहेत. एखादं एन्झाइम किती जोरात काम करतं हे सांगायचं, तर ते दर मिलिग्रॅम प्रथिनामागे सांगावं लागतं. त्यामुळे जो तो ही पद्धत वापरी आणि लाउरींचं नाव देई. हा निबंध फार थोर आहे असं खुद्द लाउरींनाही वाटत नव्हतं. उपयुक्त तो नक्कीच होता, आणि संदर्भांचा आकडा मुख्यतः उपयोगच मोजतो.

उलट उदाहरण चिनी संशोधिका तू योयो यांचं. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनच्या शोधाबद्दल त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण १९७७ मध्ये चीनमध्ये या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक म्हणून संशोधन गटाचं सामूहिक नाव होतं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात त्यातून काही जमा होण्यासारखं नव्हतं.

मला सर्वांत अस्वस्थ करतं ते १९८० मधलं एक छोटं पत्र. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं होतं. सारा मजकूर एका परिच्छेदाचा. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांत व्यसनाची नीट नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

२०१७ मध्ये काही संशोधकांनी या पत्राचा संदर्भ देणारं लेखन शोधून काढलं आणि प्रत्येक ठिकाणी संदर्भ कशासाठी दिलाय ते वाचलं. ६०८ संदर्भ सापडले. त्यातल्या ७२ टक्क्यांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते पत्र दिलं होतं. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही कळीची गोष्ट ८० टक्क्यांहून अधिक लेखकांनी सांगितलीच नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आलं आणि त्यानंतर संदर्भ झपाट्याने वाढले. अमेरिकेत या औषधांचं व्यसन कसं फोफावलं, त्या कहाणीतला हा एक धागा आहे.

मोजणीच्या यंत्रणेत हे सगळे ६०८ संदर्भ जमेचेच. म्हणून माझं मत ठाम आहे: निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध स्वतः वाचावेत, आणि त्यांचा संदर्भ देणारे काही निबंध उघडून ते नेमकं वाक्यही वाचावं. वेळ लागतो, पण २०१७ च्या संशोधकांनी सहाशेंवर संदर्भांबाबत हेच केलं. त्यानंतर त्या नियतकालिकाने मूळ पत्रासोबत वाचकांसाठी एक टीप जोडली: व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून या पत्राचा फार मोठ्या प्रमाणावर आणि चिकित्सा न करता संदर्भ दिला गेला आहे.