मोबाइल स्टार्टरची सुरक्षा (खानदेश)

मोबाइल स्टार्टर : शेतातली मोटार दूरवरून चालू-बंद करणारी, सिमकार्ड बसवलेली पेटी. इंटरनेट ऑफ थिंग्जच्या, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या रोजच्या वापरातल्या उपकरणांच्या, सुरक्षेवर विद्यापीठांतून जे संशोधन चालते, त्यातले बरेचसे मूळ प्रश्न या पेटीत एकत्र सापडतात.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, आणि मध्यरात्री विहिरीवर जायचे तर साप-विंचवाचे भय. म्हणून ही पेटी आली. तिला फोन लावायचा. तिने उचलला की ठरलेला आकडा दाबून मोटार चालू, दुसरा दाबून बंद. लाईट गेली किंवा मोटार कोरडी फिरू लागली, तर पेटीच मालकाला कळवते.

मालकाला ती ओळखते केवळ नंबरावरून, आणि कच्चा दुवा हाच. समोर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. शिवाय टू-जी जाळ्यात टॉवर सिमची खातरजमा करतो, सिम मात्र टॉवरची करत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारता येतो. दोन्ही बाजूंनी खातरजमा थ्री-जीपासून आली. पिन असलेल्या पेट्यांतही कारखान्यातून आलेलाच पिन राहिला, तर तो असून नसल्यासारखा. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने असेच साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते.

ॲपवर चालणाऱ्या नव्या पेट्या बहुधा एमक्यूटीटी ही संदेशपद्धती वापरतात. तिचे १८८३ हे पोर्ट (संदेशांच्या ये-जा करण्याचे क्रमांकाचे दार) उघडे, म्हणजे संदेश वाचता येईल असाच जातो, तर ८८८३ एन्क्रिप्शनचे, म्हणजे संदेश कूटरूपात जातो. स्वस्त चिपची स्मृती काही किलोबाइटच असली की दुसरे पोर्ट जड जाते. अशाच उपकरणांसाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०२३ मध्ये ॲस्कॉन ही हलकी कूटपद्धती निवडली.

पाठ्यपुस्तकांत सुरक्षेची सुरुवात गुप्ततेपासून होते. इथे तो क्रम उलटा लावावा लागतो. मोटार किती वाजता चालली हे शेजाऱ्याला कळले म्हणून फारसे बिघडत नाही. ती वेळेवर चालली नाही, किंवा कोरड्या विहिरीत चालत राहून वाइंडिंग जळाले, तर हंगाम हातचा जातो. नुकसान एका शेतापुरतेही राहत नाही. लाईट येताच ऑटोवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी (गावाला वीज देणारे रोहित्र) उडते, हे गावोगाव ठाऊक आहे. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत असते. २०१८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जास्त वीज खाणारी जोडलेली उपकरणे एकाच वेळी चालू करून अख्खी वीजयंत्रणा डळमळीत करता येईल, असे संगणकीय प्रतिकृतींवर दाखवले. त्यांच्यापुढे एसी आणि हीटर होते. खानदेशात त्यांच्या जागी पंप धरावे लागतील.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठिबकचे स्वयंचलन हा प्रकल्पासाठी आवडीचा विषय. सुरक्षा मात्र अशा अहवालांत सहसा ‘पुढील काम’ या सदरात ढकललेली असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी वेगळीच अडचण येते. तिथे रेंज मुळातच तुटक, त्यामुळे संपर्क आपोआप गेला की कोणी मुद्दाम तोडला, हे पेटीला कळत नाही. अशा वेळी ठरलेल्या मुदतीनंतर मोटार आपणहून बंद करणे, पाणी नसल्याची तपासणी फोनवर न सोपवता पेटीतच ठेवणे आणि स्टार्टरचे हाताने दाबायचे बटण कायम चालू राखणे, हे त्यातल्या त्यात भरवशाचे उपाय ठरतात.