जुनी इजेक्शन सीट आणि 'मेलेली' दारू

लढाऊ विमानातली जुनी इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, प्रदर्शनासाठी सजवायला घेतली की कुणीतरी हमखास सांगतं, 'आत नुसती स्प्रिंग असते. स्फोटक दारू असलीच तरी एवढ्या वर्षांत मेलेली.' दोन्ही चूक.

२४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच उडत्या मीटिऑर विमानातून मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या सीटसकट, चाचणी म्हणून, बाहेर फेकले गेले, ते काडतुसांच्या जोरावर. सीटमागची, एकात एक सरकणारी ती नळकांडी म्हणजे चक्क बंदूक. पुढे तिच्या जोडीला रॉकेट आलं. नाशिकजवळच्या ओझरला बांधलेल्या मिग-२१ मध्येही जोर दारूचाच.

आणि दारू जुनी झाली म्हणून शांत होत नाही. उलट तिचा भरवसा उरत नाही. मोठं काडतूस काढलं म्हणजे काम संपलं, हाही भ्रमच. ड्रोग पॅराशूट, म्हणजे सीट स्थिर करणारी छोटी छत्री, ओढणाऱ्या छोट्या बंदुकीत वेगळं काडतूस असतं, आणि तेच नेमकं विसरलं जातं. सेफ्टी पिना म्हणजे फक्त कुलूप. आतला माल तसाच.

म्हणून आधी जाणकार शस्त्रतंत्रज्ञाकडून प्रत्येक नळी रिकामी असल्याची लेखी खात्री. तोवर सीट उडवणाऱ्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या हँडलला हात नको, फोटोसाठीसुद्धा. रंग, पट्टे, जुनी अक्षरं हे सगळं नंतर.