ताजे लॅटेक्स अधिक स्थिर असते का?

‘रबराचे लॅटेक्स (रबराच्या झाडाचा दुधासारखा चीक) जितके ताजे, तितके ते ढवळल्यावर गुठळ्या न होता टिकते,’ असा संदेश वडोदऱ्यातील रबर व्यवसायातल्या मराठी मंडळींमध्येही फिरतो. दुधाच्या अनुभवावरून तो पटणे स्वाभाविक आहे. परंतु सेंट्रिफ्यूज केलेल्या (यंत्रात वेगाने फिरवून पाण्याचा भाग कमी केलेल्या), अमोनियायुक्त लॅटेक्सची स्थिरता पहिल्या काही आठवड्यांत उलट वाढते, कारण त्यातील मेदद्रव्यांचे विघटन होऊन तयार झालेली मेदाम्ले साबणरूपाने रबरकणांभोवती बसतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. पडताळा घ्यायचा तर एकाच पिंपातील नमुना आल्याबरोबर आणि पुन्हा महिन्याने तपासावा. अमोनियाच्या पाण्याने ५५ टक्के घनांशावर (पाणी उडून गेल्यावर उरणारा भाग) आणून गाळलेले ८० ग्रॅम लॅटेक्स ३५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १४,००० फेऱ्यांनी ढवळावे व काचेच्या कांडीवरचा थेंब तळहातावर हलकेच पसरून पाहावा. गुठळीचे पहिले बारीक कण दिसेपर्यंत गेलेले सेकंद हेच स्थिरतेचे माप. बाटली हलवून हे कळत नाही.