माका

माका म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली, अ‍ॅस्टरेसीतली, पांढऱ्या फुलांची रानवनस्पती, संस्कृतात भृंगराज. नागपुरात पावसाळा लागला की तलावांच्या काठाला, नालीच्या कडेला अन् मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्यांत हा भरपूर दिसतो, फक्त पाय चिखलात घालायची तयारी पाहिजे, कारण याला ओल लागते.

ओळखताना गडबड होते ती फुलाच्या रंगामुळेच. नुसतं पांढरं फूल पाहून गेलं तर कंबरमोडी पण माका वाटते अन् गाजर गवत पण. म्हणून आधी पान बघायचं. माक्याची पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची अन् हात फिरवला की खरखरीत लागतात. गाजर गवताची पानं एकाआड एक अन् गाजरासारखी कातरलेली, ते तर लांबूनच कळतं (अन् अंगाला खाज सुटते ती वेगळी). कंबरमोडीची पानं समोरासमोरच असतात पण कडेला मोठे दाते, फूल वीतभर उंच दांडीवर, मधे पिवळं अन् भोवती मोजून पाच-सहा पाकळ्या. माक्याचं फूल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं, मधला भागही पांढुरकाच अन् कडेच्या पाकळ्या इतक्या बारीक की झालर लावल्यासारखी वाटते. तसं ते एक फूल नाहीच, बऱ्याच छोट्या फुलांचा गुच्छ आहे, या कुळाची खूणच ती.

तरी शंका असेल तर खोड चिमटीत चुरडायचं अन् जरा थांबायचं. रस हळूहळू काळपट होतो, बोटं पण. केसांच्या तेलात माका घालतात त्यामागे हा काळेपणाच असावा असं मला वाटतं. बी पिकलं की तेही काळं, पण त्याला कंबरमोडीसारखा उडायचा तुरा नसतो.

वर्गीकरणात हा हेलिअँथी गटात येतो, म्हणजे सूर्यफुलाच्या जवळचा नातेवाईक. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये याला व्हर्बेसिना वंशात टाकलं होतं, तेही अल्बा अन् प्रोस्ट्राटा अशी दोन नावं देऊन, अन् 1771 मध्ये एक्लिप्टा प्रोस्ट्राटा केलं. आज हेच नाव चालतं, पण आयुर्वेदिक औषधांच्या लेबलवर अजूनही एक्लिप्टा अल्बाच छापलेलं दिसतं, झाड तेच.

गणपतीच्या 21 पत्रींत माका लागतो. आमच्याकडे एका वर्षी बाजारातून आणलेल्या जुडीत माका म्हणून कंबरमोडी निघाली, आईने दांडी पाहूनच ओळखली.