सावली पडली तर थंडी लांबली!

दरवर्षी २ फेब्रुवारीच्या पहाटे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पंक्सुटॉनी या छोट्या गावाबाहेर, गॉब्लर्स नॉब नावाच्या टेकाडावर हजारो माणसं कुडकुडत उभी असतात. उंच काळ्या टोप्या घातलेली स्थानिक ग्राउंडहॉग क्लबची मंडळी फिल नावाच्या गुबगुबीत ग्राउंडहॉगला बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. टेकाडावरचा हा सोहळा १८८७ पासून चालू आहे. दोन्ही निकालांचे कागद आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यातला एक फिल ‘निवडतो’. मृगाचं वाहन यंदा बेडूक की गाढव, हे पंचांगात पाहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

निकाल किती खरे ठरतात? अलीकडच्या वर्षांत ४० टक्क्यांच्या आसपास, असा अमेरिकी हवामान शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. त्यापेक्षा नाणेफेक बरी. शिवाय २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मोजले तर १६ मार्च येतो आणि कॅलेंडरचा हिवाळा जिथे संपतो तो वसंतसंपात असतो २० मार्चच्या सुमारास. म्हणजे कॅलेंडरचा हिवाळा सावली पडो न पडो, तेवढा उरलेलाच असतो.

ही समजूत मूळची युरोपातली. २ फेब्रुवारीला तिकडे कॅंडलमास हा ख्रिस्ती सण असतो. त्या दिवशी ऊन पडलं तर थंडी लांबणार, असं लोक मानत. जर्मन भाषकांत हे काम बिज्जू (बॅजर) या प्राण्याकडे होतं. ते पेनसिल्व्हेनियात येऊन वसले आणि मान ग्राउंडहॉगला मिळाला. या समजुतीत थोडं तथ्यही आहे. भर हिवाळ्यात उत्तरेकडून थंड, कोरडी हवा उतरली की दाब वाढतो, ढग विरतात आणि रात्री जमिनीतली उष्णता बिनअडथळा निघून जाते. ढगाळ हवा बहुधा दमट आणि त्या मानाने उबदार असते. तेव्हा लख्ख सावली आणि कडाका यांचं नातं खरं आहे, पण ते त्या दिवसापुरतं, फार तर पुढच्या दोन-चार दिवसांपुरतं. त्यावरून मार्च सांगता येत नाही.

मला विचाराल तर खरी गंमत रानातल्या ग्राउंडहॉगची आहे. हा खारीच्या कुळातला प्राणी. लडाखला जाऊन आलेल्यांनी त्याचा भाऊबंद, हिमालयी मारमॉट, पाहिलेला असतो. हिवाळाभर ग्राउंडहॉग बिळात शीतनिद्रेत असतो. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून दहाच्याही खाली जातं, मिनिटाला ८० च्या घरात असलेले हृदयाचे ठोके पाच-दहावर येतात. मधूनमधून तो अंग तापवून जागा होतो आणि पुन्हा झोपतो. हा सगळा खर्च उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीतून चालतो.

आणि तरीही फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बाहेर बर्फ असताना, नर खरोखरच बिळाबाहेर येतात. हवामान बघायला नव्हे, तर कोणती मादी कुठल्या बिळात आहे ते पाहायला! शेजारपाजारची ओळखपाळख उरकली की ते परत जाऊन झोपतात. जोड्या जमतात मार्चमध्ये, साधारण महिन्याभराने पिल्लं होतात. या वेळापत्रकात फारशी ढिलाई चालत नाही. पिल्लं लवकर झाली तर बाहेर गवत नसतं. उशिरा झाली तर पुढच्या हिवाळ्याआधी अंगावर पुरेशी चरबी चढत नाही. म्हणून हा प्राणी त्या दिवसाच्या उन्हावर किंवा ढगांवर विसंबतच नाही. तो चालतो शरीरातल्या वार्षिक घड्याळावर, आणि ते घड्याळ जुळतं दिवसाच्या लांबीशी. ज्याच्याकडून आपण हवेचा अंदाज घ्यायला जातो, त्याने हवेचा नाद कधीच सोडलेला आहे.

फिलला असली ददात नाही. गावच्या वाचनालयात, नियंत्रित तापमानाच्या बिळात, फिलिस नावाच्या जोडीदारणीसह त्याचा मुक्काम असतो. मार्च २०२४ मध्ये त्यांना दोन पिल्लं झाली, सनी आणि शॅडो. त्यांना बापाची गादी मात्र मिळायची नाही, कारण क्लबच्या मते पहिल्यापासून आजवरचा फिल एकच आहे आणि तो दर उन्हाळ्यात अमृताचा एक घोट घेतो.