मुंबई हाय: जुन्या समुद्री तेलक्षेत्राचं उत्पादन टिकवणं

मुंबई हाय हे भारतातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किमी, अरबी समुद्रात, पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. ओएनजीसीला इथे फेब्रुवारी १९७४ मधे तेल लागलं, ड्रिलिंग 'सागर सम्राट' या रिगने केलं होतं (जुन्या एक रुपयाच्या नोटेच्या मागे दिसायची ती हीच रिग), आणि मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तेल लागल्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण एवढी वर्षं ते येत राहावं म्हणून तिथे जे चालतं ते काम माझ्या मते शोधापेक्षा जास्त अवघड आहे.

इथलं मुख्य तेल चुनखडीच्या थरात आहे, त्याला एल-थ्री म्हणतात. हा थर एकसारखा नाही, मधे मधे शेलचे (चिखलापासून बनलेल्या घट्ट दगडाचे) पातळ पट्टे आहेत, कुठे छिद्रं भरपूर तर कुठे दगड एकदम घट्ट, त्यामुळे एका वेलला (तेलविहिरीला) भरपूर तेल आणि जवळच्याच वेलला जेमतेम असं होतं. सुरुवातीला थरातला दाबच तेल वर ढकलतो. १९८० च्या दशकात देशाला तेलाची फार गरज होती म्हणून उपसा वेगाने केला गेला, १९८५ मधे उत्पादन दिवसाला ४.७ लाख बॅरलपर्यंत गेलं, पण दाब उतरत गेला, तेलाबरोबर गॅस जास्त यायला लागला आणि नव्वदीच्या सुरुवातीला काही वेल बंद करून थराला विश्रांती द्यावी लागली. त्या वेळच्या घाईची किंमत फील्डने पुढे बरीच वर्षं मोजली असं मला वाटतं.

दाब टिकवायचा मुख्य उपाय म्हणजे वॉटर इंजेक्शन, ते इथे १९८४ पासून सुरू झालं. समुद्राचं पाणी उचलून तसंच खाली सोडता येत नाही. आधी गाळायचं, त्यातला ऑक्सिजन काढायचा नाहीतर पाइप गंजतात, बॅक्टेरिया मारायचं केमिकल घालायचं कारण काही बॅक्टेरिया पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि तो गॅस विषारीही आहे आणि स्टील पण खातो. मग हे पाणी मोठ्या दाबाने थरात जातं आणि तेलाला उत्पादन वेलकडे ढकलतं. अडचण अशी की पाणी सोपी वाट शोधतं, जिथे दगड मोकळा तिथून सरळ वेलमधे घुसतं आणि बाजूचं तेल तसंच मागे राहतं. यालाच कामावरची माणसं 'वॉटर कट वाढला' म्हणतात, म्हणजे वर येणाऱ्या द्रवात पाण्याचा वाटा वाढला. जुन्या फील्डमधे तेलापेक्षा पाणीच जास्त हाताळावं लागतं, ते वेगळं करायचं, साफ करायचं, मग सोडायचं, आणि प्रोसेस प्लॅटफॉर्मची (समुद्रातच तेल, गॅस आणि पाणी वेगळं करणाऱ्या लोखंडी मांडणीची) बरीचशी क्षमता त्यातच जाते.

तेल स्वतःहून वर येईनासं झालं की गॅस लिफ्ट लावतात. ट्युबिंगमधे (वेलच्या आतल्या ज्या पाइपातून तेल वर येतं त्यात) गॅस सोडून आतला द्रव हलका करायचा म्हणजे उरलेला दाबही त्याला वर आणायला पुरतो. कॉम्प्रेसर बंद पडला तर एकावेळी कितीतरी वेल थांबतात, म्हणून कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सला तिथे इतकं महत्त्व. बाकी मग वर्कओव्हर (जुन्या वेलमधे रिग लावून दुरुस्ती), जुन्या वेलमधूनच बाजूला साइडट्रॅक काढणं, आडव्या वेल, आणि दोन वेलच्या मधे राहिलेल्या तेलासाठी इनफिल वेल. २००० नंतर मुंबई हाय नॉर्थ आणि साउथ दोन्हीकडे पुनर्विकासाचे टप्पे हाती घेतले ते याच सगळ्यासाठी.

वरचा लोखंडी पसारा सांभाळणं हे अर्धं काम आहे. असे प्लॅटफॉर्म साधारण २५ वर्षांच्या हिशोबाने बांधतात, पण इथले बरेच त्याहून जुने आहेत आणि अजून चालू आहेत. लाटा आदळतात त्या पट्ट्यात गंज सगळ्यात जास्त, पायांवर शेवाळ-शिंपले वाढले की लाटांचा मार वाढतो, म्हणून डायव्हर पाठवून साफसफाई आणि वेल्डची तपासणी करावी लागते. समुद्रतळावरच्या पाइपलाइन पिग (पाइपच्या आतून ढकलत नेतात ते साफसफाईचं साधन) फिरवून साफ करतात, ज्या फारच जीर्ण झाल्यात त्या बदलतात. आणि हे सगळं बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळात, कारण पावसाळ्यात बार्ज-क्रेनचं काम होत नाही. हवामान किती जीवघेणं ठरू शकतं ते मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज (सपाट तळाचं जहाज) बुडाली आणि तिच्यावरचे अनेक कामगार गेले तेव्हा दिसलं. त्याआधी २७ जुलै २००५ ला एका जहाजाची धडक बसून बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) प्लॅटफॉर्मला आग लागली, २२ जणांचा जीव गेला, प्लॅटफॉर्म पूर्ण नष्ट झाला. धडक रायझरला बसली होती, म्हणजे तळातून वर येणाऱ्या पाइपला, म्हणून जुन्या प्लॅटफॉर्मवर रायझर कुठे आहेत आणि जहाज कुठल्या बाजूने लागतं हा प्रश्न उत्पादनाच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

२०२४ मधे तेलाचं उत्पादन दिवसाला १.३५ लाख बॅरलच्या आसपास होतं. त्याच वर्षी ओएनजीसीने बाहेरच्या तांत्रिक भागीदारासाठी निविदा काढली आणि जानेवारी २०२५ मधे बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची निवड झाली. करार १० वर्षांचा, फील्डची मालकी आणि कारभार ओएनजीसीकडेच. आधी बेसलाइन ठरवायची, म्हणजे सध्याची घसरण अशीच चालू राहिली तर उत्पादन किती असेल ते, पहिली दोन वर्षं बीपीला ठरलेली फी, आणि नंतर बेसलाइनच्या वर जे वाढीव उत्पादन होईल त्याच्या कमाईतला हिस्सा. तेल आणि गॅस मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते असं बीपीने सुचवलंय.