औषध कंपनीची खुर्ची : केमिस्टपासून ‘बाहेरच्या’ सीईओपर्यंत

मोठ्या औषध कंपनीच्या सर्वोच्च पदासाठी आज माणूस शोधताना एक प्रश्न टळत नाही. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तपासणीला या उमेदवाराने तोंड दिलंय का? विक्री किती वाढवली, हे त्याच्या जोडीने विचारलं जातं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता.

तेव्हा खुर्ची केमिस्टची, म्हणजे रसायनशास्त्रज्ञाची होती. १९३५ साली मुंबईत सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद रसायनशास्त्राचे डॉक्टरेट, त्यांचे चिरंजीव युसुफ हमीदही. ल्युपिनचे देशबंधू गुप्ता धंद्यात येण्याआधी रसायनशास्त्र शिकवत. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचा हक्क काढून घेतला आणि फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर ठेवला. तोच रेणू दुसऱ्या वाटेने कोण बनवतो, यावर सगळा खेळ होता. मग प्रयोगशाळेत रमणारा मालकच कंपनी चालवणार, हे ओघानेच आलं.

१९८४ साली अमेरिकेत हॅच-वॅक्समन कायदा झाला. जेनेरिक औषधांना तिथे रस्ता मिळाला, आणि पेटंटला आव्हान देणारा अर्ज सर्वांत आधी करणाऱ्याला इतर जेनेरिकांच्या स्पर्धेविना विकायला १८० दिवसांची मोकळीक. पुढे भारतीय कंपन्या या शर्यतीत उतरल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर अर्जांच्या तारखा मोजणारे, वकिलांशी बोलणारे आणि परदेशात काम केलेले लोक हवे झाले. शर्यतीत अर्जाचा वेग मोजला जात होता. अर्जातला आकडा खरा की खोटा, हे पाहणारा माणूस पगारपत्रकात बराच खाली होता.

कायदा मात्र मुका नव्हता. उत्पादन कुणाच्या देखरेखीखाली होणार त्या तांत्रिक माणसाला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि चाचणी विभागाचा प्रमुख उत्पादन प्रमुखापासून स्वतंत्र असला पाहिजे, हे आपल्या औषध नियमांत जुनंच आहे. कागदावरचं स्वातंत्र्य किती टिकतं ते मुंबईने १९८६ मध्ये पाहिलं. भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचा अहवाल उत्पादकापाशी थांबला नाही. रुग्णालय, राज्याचं एफडीए, थेट मंत्र्यापर्यंत गेला.

अमेरिकेत जबाबदारी वरपर्यंत नेण्याचा हा धागा १९७५ मध्येच पक्का झाला होता. बाल्टिमोरच्या गोदामात उंदीर सापडले म्हणून अ‍ॅक्मी मार्केट्स या किराणा कंपनीचे अध्यक्ष जॉन पार्क यांनाच सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं. दंड जेमतेम २५० डॉलर. पण ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब साहेबाला पुरणार नाही, हे तत्त्व अन्न आणि औषध दोन्हींना लागू झालं.

या सगळ्याचा खरा धडा रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीत आहे, आणि तो नेमणुकांचाच आहे. मालक परविंदर सिंग यांच्यानंतर १९९९ मध्ये घराबाहेरचे डी. एस. ब्रार प्रमुख झाले, २००४ मध्ये ब्रायन टेम्पेस्ट, २००६ मध्ये पुन्हा घरातले मालविंदर सिंग. म्हणजे व्यावसायिक सीईओचा प्रयोग इथे लवकर झाला होता. याच काळात परदेशी कंपन्यांतले अनुभवी लोकही वरच्या पदांवर आणले गेले. त्यांतल्या दिनेश ठाकूर यांनी अर्जांतली माहिती तपासली आणि बनावट आकडे सापडले. २००४ मध्ये संशोधनप्रमुख डॉ. राजिंदर कुमार यांनी त्यांचा अहवाल संचालकांच्या समितीपुढे मांडला. थोड्याच दिवसांत कुमार बाहेर पडले, २००५ मध्ये ठाकूर. चांगली माणसं शोधून आणायची आणि त्यांनी काम केलं की त्यांना नकोसं करायचं, याहून महागडी भरती कुठली?

महागडी शब्दशः. २००८ मध्ये जपानच्या दाइइची सांक्योने कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेने पावंटा साहिब आणि देवासच्या कारखान्यांतली ३० औषधं रोखली. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. दाइइचीपासून दडवलेल्या त्या अहवालावरूनच पुढे सिंगापूरच्या लवादाने मालविंदर आणि शिविंदर या सिंग बंधूंवर सुमारे २,५६२ कोटी रुपयांची भरपाई बसवली.

२०१३ हेच वर्ष आपल्याकडेही खणखणलं. वोखार्टच्या वाळूज आणि नंतर चिकलठाण्याच्या कारखान्यांवर अमेरिकेने आयातबंदी घातली. सिप्लाने त्याच वर्षी नोव्हार्टिसमधून सुभानु सक्सेना यांना आणलं. घराबाहेरचे पहिले सीईओ. २०१६ मध्ये ते गेले आणि डॉ. रेड्डीजमधून आलेले उमंग व्होरा त्या जागी बसले. ल्युपिनची चाल उलटी : कमल शर्मा यांनी दहा वर्षं एमडीपद सांभाळल्यावर २०१३ मध्ये सूत्रं पुन्हा गुप्ता कुटुंबाच्या पुढच्या पिढीकडे. घरातला की बाहेरचा, या वादात मला फारसा अर्थ वाटत नाही. क्वालिटी हेड प्लँट हेडच्या हाताखाली आहे की थेट वर बोलतो, आणि माल थांबवल्यावर त्याची नोकरी राहते का, हे आधी विचारावं.

डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये, म्हणजे औषध कारखान्यांसाठीच्या उत्पादन नियमांत, गुणवत्ता व्यवस्थेची अंतिम जबाबदारी वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकली आहे. लहान उत्पादकांना त्यासाठी वाढीव मुदत द्यावी लागली. अंबरनाथ-तारापूरच्या छोट्या युनिटांत मालक, खरेदी अधिकारी आणि प्लँट हेड अनेकदा एकच माणूस असतो. तिथे माल थांबवायचा तर त्याने स्वतःलाच नाही म्हणायचं आहे.